‘व्यत्यय’ची पाटी आणि एका आठवड्याची वही

(तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला विषय दिला होता ‘माध्यमं आणि मुस्लीम समाज’. या विषयावर बोलायला उभं राहिलं की काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पहिली पाच मिनिटं वाहिन्यांची नावं घेण्यात जातात, पुढची वीस मिनिटं आपण चिडतो, मग चहा येतो आणि आपण घरी जातो. अशी भाषणं मीही केली आहेत. त्यांनी एकाही वाहिनीचं काही बिघडलं नाही. म्हणून आज मी आपल्या तक्रारींपासून सुरुवात करत नाही. लांबच्या एका शहराची गोष्ट सांगतो. अमेरिकेतलं मिसिसिपी राज्य आणि त्याची राजधानी जॅक्सन. तिथलं एक स्थानिक टीव्ही केंद्र, त्याचं नाव डब्ल्यूएलबीटी. चॅनल तीन.

तुमच्यातल्या थोरल्यांना दूरदर्शनवरची ‘व्यत्यय’ची पाटी आठवत असेल. चित्र अचानक जायचं, पाटी यायची, आपण अँटेना हलवायला गच्चीवर धावायचो. जॅक्सनमध्ये १९५५ साली अशीच एक पाटी लागली. न्यूयॉर्कहून राष्ट्रीय नेटवर्कचा कार्यक्रम चालू होता, विषय होता वंशसंबंध. पडद्यावर थर्गुड मार्शल येणार होते. मार्शल म्हणजे शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणारा १९५४ चा खटला जिंकणारे काळे वकील, आणि पुढे १९६७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती. जॅक्सनच्या पडद्यावर मात्र ते दिसले नाहीत. तिथे पाटी झळकली: क्षमस्व, केबलमध्ये बिघाड.

केबल ठणठणीत होती, केंद्राने मुद्दाम कार्यक्रम तोडला, अशी तक्रार नियामक आयोगाकडे गेली. या केंद्राचे व्यवस्थापक वर्णभेद टिकवण्यासाठी स्थापन झालेल्या ‘सिटिझन्स कौन्सिल’ या गोऱ्यांच्या संघटनेचे सदस्य होते. त्या संघटनेचा कार्यक्रम याच केंद्रावरून दाखवला जायचा. दुसरी बाजू मांडायला वेळ मागितला तर नकार यायचा. १९५७ मध्ये पुन्हा तक्रार झाली. आयोगाने काय केलं? ही तुरळक प्रकरणं आहेत असं म्हणून १९५९ मध्ये परवान्याचं नूतनीकरण करून दिलं.

इथे एक आकडा लक्षात ठेवा. या केंद्राच्या मुख्य प्रक्षेपण क्षेत्रात राहणाऱ्या लोकांपैकी सुमारे ४५ टक्के लोक काळे होते. म्हणजे जवळपास निम्मे प्रेक्षक. ते टीव्ही विकत घेत होते, जाहिरातीतला साबण आणि पीठ विकत घेत होते, कर भरत होते. बातम्यांत मात्र त्यांचा आवाज नव्हता.

आता एका माणसाविषयी सांगतो. मेडगर एव्हर्स. मिसिसिपीतच जन्मलेला, दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून परत आलेला. १९५४ पासून तो एनएएसीपी या नागरी हक्क संघटनेचा राज्यातला पूर्णवेळ कार्यकर्ता होता. मतदार नोंदणी, शाळा, बसथांबे, उपाहारगृहं, सगळीकडे तो लढत होता. १९६३ च्या मे महिन्यात जॅक्सनच्या महापौरांनी टीव्हीवरून शहरवासीयांना सांगितलं की आपल्या शहरात सगळं उत्तम चाललं आहे. एव्हर्सने उत्तर द्यायला वेळ मागितला. प्रक्षेपणाच्या नियमांनुसार वादाच्या विषयाची दुसरी बाजू दाखवणं केंद्रावर बंधनकारक होतं. शेवटी वेळ द्यावा लागला. २० मे १९६३ रोजी एव्हर्स चॅनल तीनवर १७ मिनिटं बोलला.

त्या १७ मिनिटांत त्याने शिव्या दिल्या नाहीत. मी बाहेरचा नाही, इथलाच आहे, हे त्याने आधी सांगितलं. मग जॅक्सनमधल्या एका साध्या काळ्या माणसाचा दिवस उभा केला. हा माणूस बातम्या ऐकतो, आफ्रिकेत नवे देश स्वतंत्र झाल्याचं त्याला कळतं. काँगोमधला माणूस रेल्वेचं इंजिन चालवू शकतो हे त्याला माहीत आहे, पण जॅक्सनमध्ये त्याला स्वतःला कचऱ्याची गाडीसुद्धा चालवायला मिळत नाही. एवढं बोलून तो गेला. अनेक गोऱ्या घरांत एक काळा माणूस आपल्याच शहराविषयी शांतपणे बोलताना पहिल्यांदाच दिसला असेल.

आठ दिवसांनी, २८ मे रोजी, टूगालू कॉलेजचे विद्यार्थी आणि शिक्षक जॅक्सनमधल्या वूलवर्थच्या दुकानात गोऱ्यांसाठी राखीव असलेल्या काउंटरवर जाऊन बसले. जमावाने त्यांच्या अंगावर साखर आणि सॉस ओतला, मारहाण केली. आणि १२ जूनच्या मध्यरात्रीनंतर एव्हर्स घरी परतला, गाडीतून उतरला, आणि अंगणातच त्याला पाठीत गोळी घालण्यात आली. मुलं जागी होती. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष केनेडींनी टीव्हीवरून नागरी हक्कांवर भाषण केलं होतं. मारेकऱ्यावर १९६४ मध्ये दोनदा खटला चालला. दोन्ही वेळा ज्युरीत सगळे गोरे होते आणि दोन्ही वेळा त्यांचं एकमत झालं नाही. तो दोषी ठरला १९९४ मध्ये. एकतीस वर्षांनी.

कुठल्याही समाजाला इथे संताप येईल, आणि तो यायलाच हवा. पण पुढचा भाग ऐका, कारण मी ही गोष्ट त्यासाठीच निवडली आहे.

न्यूयॉर्कमध्ये एव्हरेट पार्कर नावाचे एक गोरे पाद्री होते. युनायटेड चर्च ऑफ क्राइस्ट या चर्चच्या संपर्क विभागाचे ते प्रमुख. दक्षिणेतली टीव्ही केंद्रं काळ्या प्रेक्षकांशी कशी वागतात याचा ते शोध घेत होते. मिसिसिपीतले दोन नेते त्यांच्यासोबत होते. एक आरन हेन्री, क्लार्क्सडेलमध्ये औषधांचं दुकान चालवणारे फार्मासिस्ट आणि एनएएसीपीचे राज्याध्यक्ष. दुसरे रेव्हरंड रॉबर्ट एल. टी. स्मिथ, जॅक्सनचे धर्मगुरू आणि किराणा दुकानदार. स्मिथ १९६२ मध्ये काँग्रेसच्या निवडणुकीला उभे होते. टीव्हीवर प्रचाराचा वेळ पैसे मोजून मिळवायलाही त्यांना झगडावं लागलं होतं.

या लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, दगड मारला नाही, निषेधाचं पत्रकही काढलं नाही. त्यांनी टीव्ही बघितला.

१९६४ च्या मार्च महिन्यातला एक आठवडा त्यांनी निवडला. जॅक्सनमधल्याच काही गोऱ्या स्वयंसेवकांना गुपचूप तयार केलं. त्यांची नावं बाहेर फुटली असती तर नोकरी गेली असती, कदाचित घरावर हल्लाही झाला असता. हे लोक एका घरात बसून दिवसाचं प्रक्षेपण पाहायचे, आवाज टेपवर घ्यायचे आणि वहीत लिहायचे. कार्यक्रम किती वाजता सुरू झाला, किती वाजता संपला. पडद्यावर कोण आलं. काळा माणूस दिसला का, किती वेळ दिसला, बोलला का. गोऱ्या माणसाच्या नावाआधी ‘मिस्टर’ किंवा ‘मिसेस’ येतं, काळ्या माणसाच्या नावाआधी येतं का. रविवारची प्रार्थना कोणत्या चर्चमधून दाखवली. जाहिराती किती मिनिटं चालल्या.

आठवडा संपला तेव्हा हातात राग नव्हता, पुरावा होता. काळ्या समाजाशी संबंधित वादाच्या प्रश्नांवर दुसरी बाजू नाही. काळ्या व्यक्तींना आदराने संबोधलं जात नाही. काळ्या चर्चना जागा नाही, कॅथलिकांच्या स्थानिक उपक्रमांनाही डावललं जातं. सार्वजनिक उपयोगाच्या कार्यक्रमांच्या मानाने करमणूक आणि जाहिराती प्रमाणाबाहेर. त्या काळी परवाना तीन वर्षांचा असायचा आणि नूतनीकरणाची वेळ आली होती. एप्रिल १९६४ मध्ये त्यांनी आयोगाकडे अर्ज केला: या केंद्राला परवाना पुन्हा देऊ नका.

आयोगाने मोठं मजेशीर उत्तर दिलं. म्हणाले, तुम्हाला अर्ज करण्याचा अधिकारच नाही. का? कारण परवान्याला आव्हान द्यायचं तर दोनच प्रकारे तुमचं नुकसान झालेलं असलं पाहिजे. एक तर धंद्यात तोटा, नाहीतर तुमच्या प्रक्षेपणात विजेचा अडथळा. म्हणजे दुसरा टीव्ही मालक तक्रार करू शकतो, प्रेक्षक नाही. प्रेक्षक कोण? तो फक्त बघणारा. आयोगाने १९६५ मध्ये सुनावणी न घेताच, काही अटी घालून, केंद्राला एक वर्षाचं नूतनीकरण दिलं.

पार्कर, हेन्री आणि स्मिथ न्यायालयात गेले. २५ मार्च १९६६ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने निकाल दिला. तो लिहिणारे न्यायाधीश होते वॉरन बर्गर. पुरोगामी म्हणून त्यांची ख्याती नव्हती. पुढे निक्सन यांनी ज्यांना सरन्यायाधीश नेमलं तेच हे बर्गर. त्यांनी लिहिलेल्या निकालाचा आशय असा: वर्तमानपत्र मालकाच्या लहरीवर चालू शकतं, टीव्ही केंद्राला तशी मुभा नाही. प्रक्षेपणाच्या लहरी सार्वजनिक आहेत. परवाना म्हणजे जनतेने सोपवलेली अमानत आहे आणि कर्तव्यात कसूर झाली तर ती काढून घेता येते. आणि ज्याच्यासाठी ही सगळी व्यवस्था उभी केली, त्या प्रेक्षकाच्या जबाबदार प्रतिनिधींना दारातच अडवता येणार नाही.

‘अमानत’ हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपल्या घरांत या शब्दाचं वजन वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

निकाल लागला म्हणून काम संपलं नाही. १९६७ मध्ये जॅक्सनमध्ये सुनावणी झाली. आयोगाने पुरावे बाजूला सारून १९६८ मध्ये पुन्हा त्याच केंद्राला तीन वर्षांचा परवाना दिला. अर्जदार पुन्हा न्यायालयात गेले. जून १९६९ मध्ये, सरन्यायाधीशपदाची शपथ घेण्याच्या काही दिवस आधी, बर्गर यांनी आयोगावर ताशेरे ओढत तो परवाना रद्द केला. १९७१ मध्ये एका ना-नफा संस्थेने तात्पुरता कारभार हातात घेतला. तिच्या संचालक मंडळात काळे आणि गोरे दोघेही होते. १९७२ मध्ये बोस्टनहून आलेले विल्यम डिल्डे व्यवस्थापक झाले. अमेरिकेतल्या व्यावसायिक टीव्ही केंद्राचे ते पहिले काळे व्यवस्थापक. पुढे मालकी मिळवणाऱ्या गटात आरन हेन्री स्वतः होते. ज्यांच्यासाठी केबल बिघडायची, ते आता केंद्र चालवत होते.

त्यांनी मग गोऱ्यांची केबल बिघडवली का? नाही. शोधपत्रकारिता केली, काळ्या-गोऱ्यांना सोबत पडद्यावर आणलं. मिसिसिपीतल्या सत्ताकारणावरच्या माहितीपटासाठी या केंद्राला १९७६ चा पीबडी पुरस्कार मिळाला. प्रसारणाच्या क्षेत्रात त्याला मोठा मान आहे. न्याय झाल्यावर कामाचा दर्जाही वाढला, हे ध्यानात ठेवा.

आता तुम्ही विचाराल, याचा आपल्याशी काय संबंध?

एप्रिल २०२० आठवा. टाळेबंदी होती. तबलिगी जमातच्या बातम्या रात्रंदिवस चालत होत्या. भाजीवाल्याला नाव विचारून माल घेणं बंद झाल्याच्या गोष्टी कानावर येत होत्या. मी काय करत होतो? वाहिन्यांच्या चित्रफिती व्हॉट्सॲपवर पुढे ढकलत होतो आणि खाली लाल रंगाचे संतप्त चेहरे टाकत होतो. कार्यक्रम कोणत्या तारखेचा, किती वाजताचा, निवेदक नेमकं काय म्हणाला, यातलं एकही मी लिहून ठेवलं नाही. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले. या लोकांविरुद्ध माध्यमांतून मोठा प्रचार झाला आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेलं, असं त्या निकालात नोंदलं आहे. निकाल वाचून मला बरं वाटलं आणि लाजही वाटली. न्यायमूर्तींनी लिहिलं. मी पाच महिन्यांत एक ओळ लिहिली नव्हती.

आपल्याकडे कायदा नाही असं नाही. १९९५ चा केबल टीव्ही कायदा आहे आणि त्याखालची कार्यक्रम संहिता आहे. धर्मांवर किंवा समाजगटांवर हल्ला करणारा, धार्मिक गटांचा अवमान करणारा, जातीयवादी वृत्तीला खतपाणी घालणारा कार्यक्रम दाखवू नये असं ती स्पष्ट सांगते. २०२१ च्या नियमांनुसार कोणताही प्रेक्षक वाहिनीकडे लेखी तक्रार करू शकतो. वाहिनीने २४ तासांत पोच द्यायची आणि १५ दिवसांत निर्णय कळवायचा. समाधान झालं नाही तर पुढच्या १५ दिवसांत स्वनियमन संस्थेकडे दाद मागता येते. म्हणजे जॅक्सनच्या लोकांना जो अधिकार मिळवायला न्यायालयात जावं लागलं, तो प्रेक्षक म्हणून तक्रार करण्याचा अधिकार आपल्या हातात आधीच आहे.

आणि तो वापरला तर चालतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये वृत्तवाहिन्यांच्या स्वनियमन संस्थेने काही हिंदी वाहिन्यांना धार्मिक तेढ वाढवणारे कार्यक्रम इंटरनेटवरून काढून टाकायला लावले आणि दोन वाहिन्यांना दंड केला. त्यामागे मोठी संघटना नव्हती. एक कार्यकर्ता तारीख, वेळ आणि वाक्यं लिहून तक्रारी करत होता. तो मुसलमान नव्हता, हेही सांगतो. जॅक्सनमध्ये वही घेऊन बसलेले स्वयंसेवकही काळे नव्हते.

मात्र मी तुम्हाला भाबडं स्वप्न विकणार नाही. दंडाच्या रकमा वाहिन्यांच्या कमाईपुढे किरकोळ असतात. सगळ्या वाहिन्या एकाच स्वनियमन संस्थेच्या सदस्य नाहीत. मोबाइलवर चालणाऱ्या अनेक चॅनलना परवानाच लागत नाही, मग तो रद्द कुठून होणार? अमेरिकेतही दुसरी बाजू दाखवण्याचं ते बंधन १९८७ मध्ये काढून टाकलं गेलं आणि परवान्याची मुदत तीनवरून आठ वर्षांवर गेली. मिळवलेला हक्क सांभाळावा लागतो. पहिल्या तक्रारीपासून परवाना रद्द होईपर्यंत जॅक्सनला चौदा वर्षं लागली. आपण तिसऱ्या तक्रारीला कंटाळतो.

बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ सुरू केलं, कारण बहिष्कृतांचं म्हणणं छापायला त्यांना हक्काची जागा हवी होती. तोही मार्ग आहे, आणि हे मासिक त्याच वाटेवरचं एक छोटं पाऊल आहे. पण आपलं स्वतःचं माध्यम असणं आणि सर्वांच्या माध्यमात न्याय मागणं, ही दोन्ही कामं करावी लागतात. पहिलं केलं म्हणून दुसऱ्यातून सुटका होत नाही.

शेवटी एक कडू गोष्ट. ती बोललो नाही तर हे भाषण अर्धवट राहील.

‘व्यत्यय’ची पाटी फक्त वाहिन्यांकडे नसते. टीव्हीच्या चर्चेत मुसलमान म्हणून ठरावीक चेहरे बोलावले जातात, याची आपण तक्रार करतो आणि ती खरी आहे. मालेगावचा यंत्रमाग कामगार, रत्नागिरीची शिक्षिका, मिरजेचा सतार बनवणारा कारागीर, रुग्णालयात रात्रपाळी करणारी नर्स, यांना कोणी बोलावत नाही. पण आपल्या मोहल्ल्याच्या बैठकीत ही माणसं बोलतात का? तलाकवर चर्चा असते तेव्हा तलाक मिळालेली बाई खोलीत असते का? ओबीसी मुस्लिमांचा प्रश्न निघाला की ‘इस्लाममध्ये जात नाही’ म्हणून आपणच केबल तोडतो ना? एखादी मुलगी प्रश्न विचारायला उठली की ‘बेटा, बाद में’ म्हणणारा आवाज माझ्या ओळखीचा आहे. कधी कधी तो माझाच असतो.

म्हणून घरी जाताना एक काम घेऊन जा. प्रत्येकाने एक वही करायची. पाच-पाच जणांचे गट करा, त्यात आपल्याच समाजाचे सगळे नकोत. प्रत्येक गटाने एक मराठी वाहिनी निवडायची आणि सात दिवस रोज संध्याकाळच्या एका तासाच्या बातम्या पाहायच्या. तारीख, वेळ, विषय, कोण बोललं, किती मिनिटं, कोणत्या शब्दांत. चांगलं दाखवलं तर तेही लिहायचं, कारण फक्त वाईट शोधणाऱ्याची वही कोणी पुरावा मानत नाही. पाहताना संताप येईल. येऊ द्या, पण हात लिहीत राहिला पाहिजे. वहीच्या शेवटची दोन पानं मात्र कोरी ठेवा. त्यांवर आपल्याच पुढच्या बैठकीची नोंद करायची: कोण बोललं, किती मिनिटं, आणि कोणाला मध्येच थांबवलं.

आठ दिवसांनी आपण पुन्हा भेटू. तेव्हा मी भाषण करणार नाही. तुमच्या वह्या वाचू.